मागच्या रांगेतून

सप्टेंबर. शाळेच्या स्वयंपाकघरात आम्ही पाच जण
आणि मधोमध बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
झाकणाला चिठ्ठी जाईल एवढी फट.
फट एंदेलनं पाडलीय, छिन्नीनं. तिरकी.
ती तिरकी आहे, अशीही एक चिठ्ठी आत निघाली.

उत्सव संपून बारा दिवस झालेत.
ताल्लिनचे पाहुणे बोटीनं परतले,
जुनिपरच्या झुडपात अडकलेली
कागदी माशांची माळ तेवढी बेटावर राहिली.
उर्वे चष्मा पुसते. डबा उपडा करते.

"बाहुल्यांना वारा लागत होता. आम्हालाही."
"काळ्या पावाची रांग नाटकापेक्षा लांब,
आणि खरं सांगायचं तर नाटकापेक्षा बरी."
"कवितावाचन छान. कमी करा."
एकीवर नुसती गाय. पाच पायांची.
मारेत म्हणते, पाचवी शेपूट असेल.
युलो पेन्सिल थांबवून विचारतो, वहीत काय लिहू?
लिही : गाय आली होती.
एक चिठ्ठी कोरी.
तिच्यावर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला.

मग ती. जांभळी शाई,
कोपऱ्यात तारीख, पत्रावर घालतात तशी :
"मागच्या रांगेत ऐकू आलं नाही."
तेच वाक्य. चौथं वर्ष.

पहिल्या खेपेला आम्ही कर्णे आणले, भाड्यानं.
दुसऱ्या खेपेला मंच फिरवला, वाऱ्याकडे पाठ करून.
तिसऱ्या खेपेला हात टेकले
आणि मागची रांगच उचलून टाकली.
तरी ही चिठ्ठी.
एंदेल टेबलावर मूठ आपटतो :
रांगच नव्हती, तर तिथं बसलं कोण?

हसायला हवं होतं. कुणी हसलं नाही,
कारण मारेतनं कागद खिडकीशी धरला होता
आणि ती शाई आम्हा सगळ्यांना ठाऊक होती.
लेइदा. एकतीस वर्षं टपालाच्या खिडकीत.
आमच्या पाकिटांवरचे चुकलेले पत्ते
तिनं याच शाईनं सुधारले,
कुणाला न विचारता, कुणाला न सांगता.
हल्ली दार वाजवलं तर उघडत नाही.
म्हातारी ताठ झालीय, म्हणायचो आम्ही.
मीही म्हणायचे.

आम्ही काढली ती रांग मैदानातली.
तिची रांग तिच्याबरोबर चालत होती,
अगदी पुढच्या खुर्चीवर बसली तरी
ती मागेच.

युलोनं त्या ओळीपुढे काही लिहिलं नाही.
पेन्सिल कानामागे खोचली, चहा ओतला,
आणि कुणाकडे न बघता म्हणाला,
माझ्याकडे जुन्या होडीच्या फळ्या आहेत.

पुढच्या ऑगस्टात मंचाला एक जीभ फुटली :
दोन फळ्या, लांब, गवतावर उतरलेल्या,
त्यांच्या टोकाला एक बाक.
पाटी नाही, घोषणा नाही.
लेइदा आली, आधी पिशवी मांडीवर घेतली.
तावेत आणि त्याचा पुतण्या
अकॉर्डियन छातीशी धरून उभे राहिले,
टाचांनी ठेका धरला.
तिसऱ्या गतीला तिनं बूट काढले.
मग मोजे.
मग दोन्ही पाय फळीवर सपाट ठेवून
ती अशी बसून राहिली, जणू पोस्टात
मोठ्या गावाहून थैली आलीय
आणि वजनावरूनच तिला कळतंय आत काय आहे.

आज पुन्हा सप्टेंबर. पुन्हा डबा.
फट अजून तिरकीच.
यंदा गाय नाही, तिचं वासरू आलंय.
उर्वे चष्मा पुसते, पुन्हा पुसते,
जांभळी चिठ्ठी माझ्याकडे सरकवते : तू वाच.

"फळी गार होती. वर लोकरीचं काहीतरी घाला.
आणि तावेतची डावी टाच ठेक्याच्या मागे पडते,
पुतण्याची नाही."

लोकर मारेत देणार, हे चटकन ठरलं.
तावेतला सांगायचं कुणी,
यावर बैठक रात्री साडेनऊपर्यंत चालली.