खाकी

हे खानापूर डेपोतनं रिटायर झाले तेव्हा
चार खाकी पँटी घरी आल्या.
गुडघे विरलेले, बाकी कापड घट्ट.

एकीची बाजारची पिशवी केली,
जुन्या खिशात आता कोथिंबिरीचे सुटे पैसे.
दुसरीच्या पट्ट्या अर्ध्या फकिरव्वाच्या कौदीत,
अर्ध्या माझ्या वाकळेत.
टाका तोच, नावं तेवढी दोन.

तिसरीचं पायपुसणं.
त्यावर हे पाय देईनात.
परड्यातला चिखल घेऊन
उंबऱ्याबाहेर उभे,
गाडीत जागाच नसल्यासारखे.

काही बोलले नाहीत. मीही नाही.
रात्री उसवलं.
आता ते शिलाई मशीनवर पांघरलंय;
जाता-येता हे दोनदा थाप मारतात,
रैट, रैट.

चौथीला अजून कात्री लावली नाही.