चार तासांचा ऑक्सिजन

पहिलं पाकीट आलं तेव्हा दाराशी
ऑर्विलचे बर्फातले बूट तसेच होते.
वर ठळक छापलेलं : हे बिल नाही.
मग काय आहे बाबा, मी टपालपेटीलाच विचारलं.
सॅगिनॉच्या जानेवारीत तिचं झाकणही उघडत नाही धड.

दुसरं रुग्णवाहिकेचं. अकरा मैल, मैलाला सदतीस डॉलर.
तिसरं भूल देणाऱ्या बाईंचं.
मी त्यांना पाहिलं नाही. ऑर्विलने पाहिलं असेल,
तर ते विसरायला लावायचेच पैसे त्यांचे.
चौथं अशा माणसाचं, ज्याने अ‍ॅरिझोनात बसून
माझ्या नवऱ्याच्या छातीचा फोटो बघितला.
हॉस्पिटल विम्याच्या यादीत, हा यादीबाहेर.
म्हणजे घर आपलं आणि भिंती शेजाऱ्याच्या.

नणंद म्हणाली, भरून टाक, आर्डिथ,
गेलेल्या माणसाच्या नावावर देणं ठेवू नये.

पण मी शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढलीत.
तीनशे चाळीस ताटं. दुधाची एक पेटी कमी आली
तरी ट्रक हलू देत नाही.
मी ओळ न् ओळ मागवली. सतरा पानं आली.
ऑर्विलचा चष्मा लावून वाचायला बसले,
माझ्यापेक्षा त्याचा नंबर जास्त.

चौदाव्या पानावर ऑक्सिजन, ताशी शहाण्णव डॉलर.
पहाटे तीन. चार. पाच. सहा.

तो दोन चाळीसला गेला.
मी होते तिथे. नर्सने घड्याळाकडे पाहिलं,
माझ्याकडे पाहिलं, पुन्हा घड्याळाकडे.

तिनाला मी पार्किंगमध्ये काचेवरचा बर्फ
त्याच्या लायब्ररी कार्डाने खरवडत होते.
चाराला दोन कप कॉफी ओतली, सवयीने.
पाचाला नणंदेला फोन.
सहाचं काही आठवत नाही.
आणि हा तिकडे कागदावर श्वास घेत होता,
शहाण्णव डॉलर तासाने.

स्वस्तच की.
बोट त्या ओळीवर किती वेळ होतं कोण जाणे.
एक मन म्हणालं, भर. तीनशे चौऱ्याऐंशी.
गेल्या हिवाळ्यात हीटरला याहून जास्त गेले.

फोनवर बावन्न मिनिटं तीच धून.
मग एक तरुण आवाज, नाव ट्रेमेन.
डिस्चार्जची वेळ सांगता का, मॅम?
डिस्चार्ज, मी म्हटलं. दोन चाळीस.
कीबोर्ड वाजत होता, तो थांबला.
आय अ‍ॅम सॉरी, मॅम.
म्हटलं, राहू दे पोरा, फक्त हे बिलात लावू नका.
तो हसला. मग हसल्याबद्दल पुन्हा सॉरी म्हणाला.

तीन आठवड्यांनी नवीन बिल आलं.
तीनशे चौऱ्याऐंशी कमी. हिशेब चोख.
जुनं चौदावं पान मी पाककृतींच्या डब्यात ठेवलंय,
पॉट रोस्ट आणि रुबार्बच्या पायच्या मध्ये.
त्यात तो सकाळी सहापर्यंत आहे.

रुग्णवाहिकेचं अजून मिटलेलं नाही.
ती कंपनी वेगळी, नंबर वेगळा, धूनसुद्धा वेगळी.
त्या रात्री मी मागून आमच्या गाडीने निघाले होते,
पहिल्याच सिग्नलला अडकले. लाल दिवे पुढे गेले.
काल तोच रस्ता पुन्हा धरला,
निघताना काटा बघून ठेवला.
आमच्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत
सात मैल भरले, बर्फ धरून.

उद्या फोन लावणार आहे.
पैशांचं नंतर बघू.
उरलेले चार मैल
त्याला कुठून नेलं, ते आधी सांगा.