मचूळ

वायंगणीच्या वाफ्यांत फाल्गुनात समुद्र खालून येतो.
दिसत नाही. विहिरीचं पाणी तसंच निवळ,
कपारीतला बेडूक तोच, नेचे तितकेच हिरवे.
मिरचीची पानं टोकाला करपतात
तेव्हा कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो.

लवूमामा पूर्वी चाखून सांगायचा.
पहाटे एक ओंजळ, एक घोट, शेजारच्या माडाच्या बुडाशी एक चूळ:
आज नको. अष्टमीला भांग पडेल, तेव्हा सोड पंप.
मागल्या वर्षी गळ्यावर पस्तीस वेळा किरणं घेतली.
गाठ गेली. चव गेली.
आता साखर आणि मीठ त्याला सारखंच:
ओलं.

मी कुडाळला इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली भाची.
काडेपेटीएवढी एक निळी पाटी घेऊन आले,
पाण्यात सोडले दोन खिळे.
चार दिवसांत गंजून तांबूस धागे तरंगले,
मामी म्हणाली, विहिरीला मासिक पाळी आणलीस.
मग पेन्सिलीतली शिसं काढून लावली.
मग समजलं की वीज सारखी सोडायची नसते,
विचारायचं असेल तेवढ्यापुरतीच,
एरवी पाण्याला गप्प बसू द्यावं.

पाच व्होल्टचे एक हजार चोवीस तुकडे,
एवढ्या पायऱ्यांत चिप ऐकते.
चारशे दहा. चारशे बारा. अमावास्येच्या उधाणाला सहाशे चार.
चारशे दहा आणि अकराच्या मध्ये
जे काही भिजत पडलेलं असेल
ते तिच्या गावी नाही.

बोलायला तर तिच्याकडे दोनशे छप्पन्नच शब्द,
तेही उसने. खरं तर तिला फक्त पाच म्हणता येतं,
नाहीतर शून्य.
अर्धं सांगायचं तर पाच शून्य पाच शून्य,
सेकंदाला पाचशेच्या आसपास,
खोटं बोलणाऱ्या माणसाच्या पापण्यांसारखं.

मामाला आकडे नकोत. चष्मा शोधावा लागतो म्हणे.
म्हणून वेंगुर्ल्याच्या बंदरात मोडीत निघालेल्या ट्रॉलरवरून
बॅटरीचा जुना काट्याचा मीटर आणला,
तबकडीवर कुणाच्या तरी लग्नपत्रिकेची पाठ चिकटवली
आणि बॉलपेनने लिहिलं: गोड, मचूळ, खारट.
काटा जड. इतक्या पटापट वळणं त्याला जमत नाही,
म्हणून पाच आणि शून्याच्या मधोमध तो उभा राहतो,
आणि जे चिपला कधी म्हणता आलं नाही
ते त्याच्या आळसातून म्हटलं जातं.

पण थरथरायचा. वायर लांब,
शेजारच्या पंपाची गुरगुर तिच्यात शिरायची.
सोळा वाचनांची सरासरी लावून त्याला शांत करू,
म्हणून मी पडवीत लॅपटॉप उघडला.
मामा मागे उभा. घसा खरवडत म्हणाला,
“पाणी हलता, मगे काटो कित्याक गप ऱ्हवात?”

ठेवला तसाच.

परवा गेले तर तबकडीवर एक नवी रेघ,
कोळशाची, मचूळच्या अलीकडे, जिथं मी काहीच लिहिलं नव्हतं.
ही कसली, विचारलं.
“हयसर माठ जगतलो. मिरची मरतली.”
एवढंच बोलून तो पंपाकडे वळला.
काटा रेघेवर होता, किंचित या बाजूला, किंचित त्या,
मी लॅपटॉपवर आकडा बघेपर्यंत
त्यानं खटका खाली ओढला होता.