सात नंबरचा डॅम्पर

धुळ्याला, क्षयरोग वॉर्डाच्या नव्या मजल्यावर
अजून रोगी नाहीत. सोळा खाटा,
प्लास्टिकमधल्या गाद्या,
आणि छताच्या पोटात पत्र्याचे बोगदे.
मुबारक तडवी शिडीवर, कमरेपर्यंत आत,
बाहेर फक्त त्याचे पाय आणि मे महिना.

काम साधं:
वारा सांगितल्यासारखा वागतो का, बघायचं.
कॉरिडॉरमधून खोलीत, खोलीतून गच्चीवर.
उलटा एकदाही नाही.

तो आकडे ओरडतो, मी लिहिते.
एक: दोनशे अडतीस.
दोन: दोनशे एकतीस.
तीनची मोटर कुरकुरली, मग वळली.

‘काय मोजी ऱ्हायनात ताई?’
ठगूबाई, हातात ओला पोछा.
वारा, म्हटलं.
‘वारा बी मोजतस?
मंग आमना घरमा या.
तठे मोजाले काईच नही.’

सात बंदच हवा.
त्याच्या पलीकडे सिस्टरांची चहाची खोली,
कोपऱ्यात ठगूबाईचा डबा.
कळ दाबली. टक्. पॅनेलवर हिरवा दिवा: बंद.
कॉन्ट्रॅक्टरचे भावसार म्हणाले, झालं.

मुबारकने बाहीचा दोरा उसवला,
जाळीपाशी धरला.
दोरा हलला.
फार नाही,
झोपेत माणसाचं बोट हलतं तेवढा.

दिवा खोटं बोलत नव्हता.
दांडा फिरला, एवढंच त्याला ठाऊक.
पाती टेकली का,
हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

‘मॅडम, एवढी गळती तर
साक्रीच्या पवनचक्क्यांनाही माफ असते.’
मी हसले. खरंच हसू आलं.
आणि लिहिलं: सात, बंद, अकरा.
अकरा लिटर, दर सेकंदाला,
खोकला असो नसो.

झडप उघडल्यावर सापडलं:
डाव्या कोपऱ्यात रबरी पट्टी दुमडलेली,
वर वाळलेल्या डिंकात
कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा.
घाईतला, थोडा घसरलेला.
संध्याकाळी सहाची बस असेल त्याला.

पट्टी उद्या बदलतील. परवा आम्ही परत.
तोवर दोरा जाळीलाच बांधून ठेवलाय.
पोछा मारताना काढू नका,
एवढंच ठगूबाईंना सांगितलं.

त्यांनी मान वर करून पाहिलं.
डबा उचलला,
आणि खिडकीच्या बाजूला नेऊन ठेवला.