स्वयंघोषणापत्र

मेहेर सिग्नलच्या अलीकडे, झेरॉक्सच्या दुकानाला टेकून
माझं टेबल. टेबल कसलं,
बंद पडलेल्या शिलाई मशीनचा सांगाडा, वर फळी.
खालची लोखंडी जाळी अजून शाबूत आहे.
अर्ज लिहिताना पाय आपोआप हलतो.
काही शिवलं जात नाही.

सातपूरला बावीस वर्षं मायक्रोमीटर धरला.
केसाच्या दहाव्या हिश्शाची चूक
डोळ्यांआधी बोटांना कळायची.
आता रकाने भरतो.
‘अर्जदाराचे नाव, आडनाव प्रथम.’
आडनावं पटकन येतात,
माणूस बऱ्याच वेळाने.

कंपनी बंद झाली तेव्हा गेटवर एक पान डकवलेलं होतं.
शुद्धलेखनाच्या चार चुका.
मी खिशातलं पेन काढून सुधारल्या, सवयीने.
वॉचमन म्हणाला, साहेब, आता काय उपयोग.

यशोदाबाई गांगुर्डे भांडीबाजारात
तांब्याला पॉलिश करायच्या.
निराधारचे पैसे तीन महिने अडलेले,
अंगठा उमटत नाही म्हणून.
शेजारच्या सेवा केंद्रात मीच घेऊन गेलो.
अंगठा नाही, तर्जनी नाही, मधलं बोट नाही.
म्हटलं, करंगळी लावा,
तिला आयुष्यभर काम कमी असतं.
हिरवा दिवा लागला.
म्हातारी मशीनकडे बघत राहिली,
मग मला हळूच विचारलं,
म्हणजे आहे ना रे मी?

गफूर मणियार भट्टीवर होता, माझ्याच पाळीत.
पेन्शन अकराशे शहाण्णव.
त्यातले चाळीस बँकेत जायला-यायला.
म्हणाला, भविष्य निर्वाहवाल्यांना पत्र लिही, कडक लिही.
मी लिहिलं. त्याने चष्मा लावून वाचलं.
शेवटचा ‘आपला विनम्र’ खोडायला लावला.
तीन पावलं गेला,
परत आला.
राहू दे, म्हणाला. टाक परत.

(माझा स्वतःचा अर्ज ड्रॉवरमध्ये आहे.
‘व्यवसाय’ या रकान्यापुढे
गेल्या मार्चपासून पेन टेकवून ठेवलेलं एक टिंब.)

घरी, सिडकोत, गुरुवार वेगळा असतो.
बायकोने गटातून कर्ज घेतलंय, पोरीच्या डिप्लोमासाठी.
दर गुरुवारी अकराला वसुलीचा पोरगा यायचा,
तुषार की कोण, हेल्मेट मांडीवर घेऊन
ओट्यावर बसायचा.
आवाज कधी चढवला नाही त्याने. नुसता बसायचा.
कुकरच्या तीन शिट्ट्या होत,
शेजारणी आपापली दारं अर्धी लावून घेत,
तरी बसलेला.
बायको पाणी द्यायची. तो तांब्या रिकामा करायचा
आणि म्हणायचा, काकू, मला पण वर उत्तर द्यायचंय.
मी आतल्या खोलीत.
सगळ्या वसुलीत त्याने मला एकदाही पाहिलं नाही.

काल तो रांगेत होता.
हेल्मेट होतं, बाईक नव्हती.
रोजगार नोंदणीचं नूतनीकरण, म्हणाला,
शाखाच बंद केली हो, मोबाईलवर कळवलं.
मी नाव विचारलं नाही, लिहून टाकलं.
त्याच्या ते लक्षात आलं नाही.
‘अनुभव’पाशी दोघं अडलो.
काय काम करायचास?
तो फळीकडे बघून म्हणाला,
लोकांच्या घरी जायचो.
मी लिहिलं : जनसंपर्क, चार वर्षे.
त्याने वाचलं. कान लाल झाले.
खालच्या ओळीवर सही करायची होती,
‘वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे.’
केली.

किती झाले, काका?
वीस.
त्याने पाकीट उघडलं, मिटलं,
दुसऱ्या खिशात हात घातला.
मला कुकर ऐकू यायला लागला.

असू दे, म्हटलं. गुरुवारी दे.

हो म्हणून निघाला.
सिग्नल ओलांडून, रिक्षांच्या गर्दीतून
पार पलीकडे गेला,
आणि तिथे, हेल्मेट हातात धरून,
थांबला.