एक पूर्णांक चार

तोइवो काँगास, वय एकाहत्तर.
लोहखनिजाच्या बोटींवर चौतीस वर्षं सुकाणूला.
डुलुथच्या बंदरात अजूनही
पाठमोरा दिसला तरी चालीवरून ओळखतात त्याला.
आता उजव्या कानाच्या वर, थोडं आत,
वाटाण्याएवढं काहीतरी.
"वाटाणा? सोललेला की शेंगेतला?"
मी म्हटलं, सोललेला.
त्याला बरं वाटलं, का कोण जाणे.

आधी मास्क करून पाहिला होता.
प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करायची,
चेहऱ्यावर ताणायची, नाकाच्या शेंड्यापर्यंत दाबायची,
निवली की कडक होते.
मग टेबलाला अडकवायची.
टक्. टक्. टक्.
चौथ्या टकला त्यानं ती उपटून काढली
आणि भिंतीकडे तोंड करून बसून राहिला.

हेल्मीनं बाहेर सांगितलं, कोटाची बटणं लावत:
सत्त्याहत्तर साली बोटीच्या पोटातल्या टाकीवर
कुणीतरी झाकण लावलं, हा आत असताना.
चाळीस मिनिटं.
आमच्या घरात न्हाणीघराला कडी नाही.

म्हणून हा रोबॉट.
नावाला रोबॉट. हात नाहीत, तोंड नाही,
उशीखाली सहा आखूड पाय, बस्स,
आणि छताला एक कॅमेरा
जो नाक, भुवया, कपाळावरच्या आठ्या
सेकंदाला कितीतरी वेळा मोजत राहतो.
डोकं केसभर सरकलं
की पाय केसभर उलटे सरकतात.
चेहरा उघडाच.

"म्हणजे हा मला धरून ठेवणार नाही?"
नाही. तुझ्या मागोमाग येईल.
तो छताकडे बघून हसला.
"लोकांना वाटतं, बोट सरळ न्यायची
म्हणजे चाक घट्ट धरायचं.
घट्ट धरलंस की गेलीस खडकावर.
सरळ जायचं तर हात सारखा हलता हवा.
इतकासा."
आणि चादरीवर त्याचा अंगठा हलला. इतकासा.

जाड दार लागलं. मी काचेपलीकडे.
स्क्रीनवर हिरवी रेघ.
शून्य पूर्णांक एक. शून्य पूर्णांक दोन. पुन्हा एक.
अर्धा मिलिमीटर ओलांडला तर किरण आपोआप थांबतो.
बाहेर तळ्यावर धुकं, एक भोंगा वाजला.
त्याला आत ऐकू आला असेल का?
आला असावा.

चौदाव्या मिनिटाला रेघ उसळली.
एक पूर्णांक चार.
किरण बंद.

मी कॅमेऱ्यात पाहिलं.
उताण्या माणसाचे अश्रू कानात जातात,
ते पुसायला हात उचलला नव्हता त्यानं.
माझं बोट माइकच्या बटणावर:
कृपया हलू नका.
एकोणीस वर्षं हे वाक्य म्हणतेय मी,
पाचशे तरी माणसांना म्हटलं असेल.
बटण दाबलं.
शब्दच आला नाही.
त्याला नुसती माझ्या खोलीची घरघर ऐकू गेली असणार.

सहा पाय त्याच्या हुंदक्याबरोबर खाली गेले,
वर आले,
दुसऱ्या, लहान हुंदक्याबरोबर थोडेच गेले.
ओढाताण नाही, दटावणं नाही.
हळूहळू रेघ बसली
आणि किरण आपला आपण सुरू झाला,
जणू कुणी मध्येच खोकलं होतं
आणि गोष्ट पुढे चालू.

नंतर बूट घालताना म्हणाला, "किती हललो?"
मी आलेख छापून दिला.
तो उंच सुळका त्यानं बोटानं पाहिला,
कागदाची घडी केली, छातीच्या खिशात,
जिथं पूर्वी बोटीची वही असायची.
"हेल्मीला दाखवतो. ती म्हणते मी रडत नाही."

दाराशी थांबला. "रोंडा, तुझ्या मानेला काय झालं?"
काही नाही, म्हटलं.
बावीस मिनिटं मी हललेच नव्हते.