तेलाचा काटा

इंदूरच्या देवास नाक्यावर ट्रक गुरगुरत उभा.
गरम झाला की आयडलला काटा शून्याशी,
वर टॅपेटची टकटक.
मालक म्हणाला, "भिया, एक फेरी अजून."
तांबटकाका काही बोलले नाहीत. चेंबर उतरवलं.

जाळी धुतली, व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबून बघितली,
पंपावर उगाच आळ नको.
मग तो उघडला:
दोन चाकं, दातात दात,
कडेकडेने तेल वर नेणारी,
मधून परत न सोडणारी.
दाते नि भिंतीच्या फटीत
फीलरचं जाड पातंही आरामात शिरलं.

"बेअरिंगला बोलता येत नाही," काका म्हणाले,
"सरळ चिकटतं."

नव्या पंपात आधी तेल ओतलं;
कोरडा बसवत नाहीत.
मला हाताने फिरवायला दिला.
जड, थंड,
आणि मग बोटांवर
पहिला घोट.